जुना रोबो घेऊन घरी प्रोग्रामिंग शिकता येईल का? कुठला घ्यावा, आणि त्यावर काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: शिक्षण इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलचं, पीएलसीची (कारखान्यातली यंत्रं चालवणाऱ्या कॉम्प्युटरची) तोंडओळख आहे, पण औद्योगिक रोबोला हात लावायची संधी कुठेच मिळत नाही. कंपन्यांचे अधिकृत कोर्स परवडत नाहीत. मग वापरलेला रोबो विकत घेऊन घरीच शिकलं तर जमेल का, कुठल्या कंपनीचा घ्यावा, आणि त्या जोरावर नोकरी मिळेल का?

जमेल, आणि चांगलं जमेल. रोबो सेल (रोबो आणि त्याच्याभोवतीची यंत्रं मिळून झालेली कामाची जागा) उभे करणं आणि अडकून पडलेले सेल पुन्हा चालू करून देणं हेच माझं रोजचं काम आहे. रोबोला इथून तिथे नेणं थोड्या सरावाने कुणालाही जमतं. कंपनी पैसे मोजते ते त्यापुढच्या कामाचे. सायकल (कामाचा एक फेरा) मध्येच थांबलेली असते, ग्रिपरमध्ये, म्हणजे रोबोच्या पकडीत, पार्ट तसाच असतो, हात फिक्श्चरच्या (पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्याच्या) आत असतो आणि ऑपरेटर तुमच्याकडे बघत उभा असतो. तिथून हात कुठेही न आपटता बाहेर काढायचा आणि पुढच्या वेळी तो आपला आपण बाहेर येईल असा प्रोग्राम लिहायचा. स्क्रीनवर हे नीट शिकता येत नाही, कारण तिथे पार्ट घसरत नाही, हवेचा दाब कमी होत नाही आणि केबल कशात अडकत नाही. घरी खरं यंत्र असण्याचा मोठा फायदा हाच. पुढचं सगळं मी हे मनात धरूनच सांगतोय.

तरी सुरुवात सॉफ्टवेअरपासून करा. खर्च जवळजवळ नसतो, आणि हे काम आपल्याला मानवतंय का ते कळतं. युनिव्हर्सल रोबोट्सचं यूआरसिम फुकट मिळतं. एप्सनच्या आरसी प्लसमध्ये सिम्युलेटर आहे. फॅनकचं रोबोगाइड उत्तम आहे पण विकतचं, त्यामुळे त्याची चाचणी मुदत सुरू करण्याआधी त्यावर काय काय करून बघायचं ते कागदावर लिहून ठेवा. नाहीतर निम्मे दिवस मेनू शोधण्यात जातात. एकच निवडायचं झालं तर मी एबीबीचं रोबोस्टुडिओ सांगेन, मग ते चाचणी मुदतीपुरतं मिळालं तरी चालेल. त्यातला व्हर्च्युअल कंट्रोलर खऱ्या कंट्रोलरचंच, म्हणजे रोबो चालवणाऱ्या पेटीचंच, सॉफ्टवेअर चालवतो, आणि त्याची रॅपिड ही भाषा नवशिक्याला सगळं उघडपणे दाखवते. ही एक ओळ बघा: मूव्हएल पी१०, व्ही२००, झेड१०, टूल१, आणि शेवटी वर्कऑब्जेक्टचं नाव. सरळ रेषेत जा, पी१० या बिंदूकडे जा, सेकंदाला २०० मिलिमीटर वेगाने जा, बिंदूपासून १० मिलिमीटरवर असताना कोपरा कापायला सुरुवात केलीस तरी चालेल, आणि हे सगळं या टूलच्या टोकाने, या टेबलाच्या हिशोबाने. यातली एकही गोष्ट गृहीत धरलेली नाही.

फॅनकच्या टीपी प्रोग्राममध्ये हालचालीच्या ओळीत टूल आणि फ्रेम (कुठल्या टेबलाच्या हिशोबाने मोजायचं ते) दिसत नाहीत. त्यांचे नंबर वेगळ्या ओळीत आधी सेट करावे लागतात. नवा माणूस तिथेच गडबडतो. बिंदू शिकवला टूल १ धरून आणि चालवला टूल २ वर, की रोबो अलार्म देऊन थांबतो आणि याला वाटतं यंत्रच खराब आहे. आधी रॅपिड शिकलेला माणूस फॅनकसमोर बसला की त्याच्या मनात आपसूक प्रश्न येतो, आत्ता टूल कुठलं आहे आणि फ्रेम कुठली? एवढा प्रश्न पडायला लागला की बराच पल्ला गाठला म्हणायचं.

‘कुठली कंपनी’ यावर वाद घालत बसू नका. भाषा बदलतात, फॅनकची टीपी आणि कॅरल, एबीबीची रॅपिड, कुकाची केआरएल, यास्कावाची इन्फॉर्म, एप्सनची स्पेल प्लस. खालचं गणित एकच असतं. त्या गणितातला एक भाग मात्र जरा बारकाईने बघायला हवा, तो म्हणजे टूलची दिशा. एक्स, वाय, झेड सगळ्यांचे सारखे. दिशा मात्र प्रत्येकजण आपल्या पद्धतीने लिहितो. फॅनकचे डब्ल्यू, पी, आर म्हणजे स्थिर अक्षांभोवतीची फिरकी, आधी एक्स, मग वाय, मग झेड. कुकाचे ए, बी, सी म्हणजे आधी झेडभोवती, मग फिरलेल्या वायभोवती, मग फिरलेल्या एक्सभोवती. गणिताने पाहिलं तर या दोन्हींतून एकच दिशा मिळते, फक्त आकडे उलट्या क्रमाने येतात: फॅनकचा आर म्हणजे कुकाचा ए, पी म्हणजे बी आणि डब्ल्यू म्हणजे सी. एबीबी चार आकड्यांचं क्वाटर्निऑन देतो, ज्यांच्या वर्गांची बेरीज एक यावी लागते. युनिव्हर्सल रोबोट्स रोटेशन व्हेक्टर वापरतात. त्याची दिशा म्हणजे फिरण्याचा अक्ष आणि लांबी म्हणजे रेडियनमधला कोन. एकच दिशा या चारही प्रकारांत स्प्रेडशीटमध्ये मांडून बघा. एक संध्याकाळ लागेल, पण नंतर कुठल्याही कंपनीच्या पेंडंटवरचे (रोबोला शिकवायच्या हातातल्या पॅनेलवरचे) आकडे परके वाटणार नाहीत.

सिंग्युलॅरिटीसुद्धा सिम्युलेटरवरच बघून घ्या. पाचवा अक्ष (सांधा) शून्याजवळ आला की चौथा आणि सहावा एका रेषेत येतात. अशा वेळी टूल सरळ रेषेत न्यायला सांगितलं तर हे दोन अक्ष एकमेकांविरुद्ध गरागरा फिरायला बघतात आणि कंट्रोलर अलार्म देतो. सुचवायचे उपाय दोनच: पार्ट किंवा टूल असं मांडा की मनगट सरळ होणारच नाही, किंवा तेवढा टप्पा जॉइंट मूव्हने (सरळ रेषेचं बंधन नसलेल्या हालचालीने) पार करा.

आता खरेदी. वेल्डिंग लाइनवरून निघालेला मोठा हात पुष्कळदा लहान रोबोपेक्षा स्वस्तात मिळतो. त्याला भुलू नका. फॅनकच्या आर-२००० मालिकेतल्या हाताचं वजन टनाच्या घरात जातं. त्याला जमिनीत पक्का पाया आणि थ्री-फेज पुरवठा लागतो, आणि तो चुकून घराच्या भिंतीला लागला तर भिंत त्याला थांबवू शकत नाही. घरी शोभेल असा आकार म्हणजे एबीबीचा आयआरबी १२०: वजन २५ किलो, उचलतो ३ किलो, पोहोच ५८० मिलिमीटर. किंवा फॅनकचा एलआर मेट २००आयसी: वजन २७ किलो, उचलतो ५ किलो, पोहोच ७०४ मिलिमीटर. यांच्यासोबत येणारे छोटे कंट्रोलर, म्हणजे आयआरसी५ कॉम्पॅक्ट किंवा आर-३०आयए मेट, २०० ते २३० व्होल्टच्या सिंगल-फेजवर चालतात. कुकाच्या छोट्या रोबोंचा केआरसी४ कॉम्पॅक्टही तसाच. कंट्रोलरची नेमप्लेट वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. थ्री-फेज कंट्रोलर घेऊन त्याला व्हीएफडीमधून (मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणातून) फेज बनवून द्यायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. व्हीएफडीचं आउटपुट मोटरसाठी असतं, इलेक्ट्रॉनिक्सला खायला घालण्यासाठी नाही. ते करू नका.

बजेट त्याहून कमी असेल तर स्कारा (आडव्या पातळीत वळणारा हात) बघा. हिरोशी माकिनो यांनी जपानच्या यामानाशी विद्यापीठात १९७८ साली ही रचना मांडली, आणि आजही जुळणीच्या कामात ती सर्रास दिसते. चारच अक्ष, त्यामुळे हात हलका, सांभाळायला सोपा आणि बहुतेक वेळा स्वस्त. एप्सन, डेन्सो, यामाहा यांचे जुने स्कारा बाजारात येत राहतात. मनगट तिरकं करता येत नाही, म्हणून दिशेचं गणित त्यावर शिकता येणार नाही. पण ते सिम्युलेटरवर होतंच. फ्रेम, पॅलेटायझिंग (पार्ट ओळींनी रचणं), इनपुट-आउटपुट, अडकलेल्या सायकलमधून बाहेर येणं, हे सगळं स्कारावर तितक्याच चांगल्या रीतीने शिकता येतं.

याच्याही खाली मित्सुबिशीचा मूव्हमास्टर आरव्ही-एम१ आहे. शाळा-कॉलेजांच्या प्रयोगशाळांमधून निघालेला, पाच अक्षांचा, १.२ किलो उचलणारा छोटा हात. सिरीयल केबलने जोडून त्याला दोन-दोन अक्षरांच्या आज्ञा देता येतात: एनटी म्हणजे मूळ जागी जा, एमओ म्हणजे अमुक बिंदूकडे जा. कॉम्प्युटरवर पायथनमध्ये प्रोग्राम लिहून तो चालवता येतो. आजच्या कारखान्यातल्या कंट्रोलरशी त्याचं फारसं साम्य नाही, त्यामुळे नोकरीच्या तयारीसाठी मी तो दुसऱ्या पसंतीचा मानतो. शाळकरी मुलाला किंवा फक्त आवडीपोटी शिकणाऱ्याला मात्र बेधडक घ्यायला सांगेन.

वापरलेला रोबो घेताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की संच पूर्ण हवा. हात, कंट्रोलर, टीच पेंडंट आणि मधल्या मोटर-एन्कोडरच्या केबल (एन्कोडर म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा भाग). ‘पेंडंट नाही, पण सहज मिळेल’ असं विकणारा म्हणाला तर तिथेच थांबा. पेंडंट वेगळा शोधायला गेलात तर त्याची किंमत हाताच्या किमतीशी स्पर्धा करते. एका यंत्राचा हात आणि दुसऱ्याचा कंट्रोलर असा जोडलेला संचही टाळा. कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर, अँप्लिफायर आणि मास्टरिंगचे (अक्षांची शून्य जागा ठरवणारे) आकडे त्या विशिष्ट हातासाठी असतात. प्रत्यक्ष जाता येत नसेल तर विकणाऱ्याकडून व्हिडिओ मागा: कंट्रोलर चालू करताना, सहाही अक्ष एकेक करून पूर्ण फिरवताना, अलार्मचं पान आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचं पान. ‘शेवटच्या वेळी चालला होता’ या वाक्याला काही किंमत नाही.

सॉफ्टवेअरच्या पानावरच पर्यायांची यादी असते. ती बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि तिथेच फसतात. फॅनकमध्ये मजकुराच्या स्वरूपातला टीपी प्रोग्राम कॉम्प्युटरवरून थेट चढवायचा तर अॅस्की लोडरचा पर्याय लागतो. कॅरल चालवायलाही पर्याय लागतो. एबीबीमध्ये सॉकेटने दुसऱ्या कॉम्प्युटरशी बोलायचं तर तेही पर्यायात मोडतं. हे नंतर घ्यायला गेलं की यंत्राच्या मानाने भारी पडतं. म्हणून दोन सारखेच हात समोर असतील तर मी रंगरूप बघणार नाही, ज्याच्यात पर्याय जास्त तो घेईन. सॉफ्टवेअरचा परवाना नव्या मालकाच्या नावावर कसा होतो हे त्या कंपनीच्या सेवा विभागाला आधीच विचारून घ्या. पुढे मदत लागली तर हाच प्रश्न पहिला येतो.

यांत्रिक तपासणीला फार वेळ लागत नाही. ब्रेक लागलेले असताना मनगट दोन्ही हातांनी धरून हलवा. टकटक जाणवली तर गिअर किंवा बेल्ट सैल आहे. सांध्यांतून ग्रीस गळतंय का बघा. मनगटाजवळ जिथे केबल वळते तिथलं वेष्टन कडक होऊन तडकलंय का बघा. मग प्रत्येक अक्ष सावकाश पूर्ण फिरवत कान देऊन ऐका. एकसारखी घरघर चालेल, ठरावीक जागी येणारी करकर चालणार नाही.

पिढी कुठली घ्यावी? एबीबीचा आयआरसी५ २००४ मध्ये आला, कुकाचा केआरसी४ २०१० मध्ये. या किंवा फॅनकच्या आर-३०आयए, यास्कावाच्या एनएक्स१०० या पिढीपासून पुढचं काहीही चालेल, कारण कारखान्यांमध्ये हीच यंत्रं आणि यांचीच भावंडं अजून राबताहेत. त्याआधीचं घेतलंत तर साठवणुकीचा विचार आधी करा. आर-जे३आयबीला पीसीएमसीआयए कार्ड लागतं. कुकाचा केआरसी२ म्हणजे आत विंडोज असलेला कॉम्प्युटरच. त्याची हार्ड डिस्क म्हातारी झालेली असते, म्हणून बाकी काही करण्याआधी तिची इमेज काढून ठेवायची.

यंत्र घरी आलं की चालू करायची घाई होते. आधी ते बोल्टने पक्कं करा. लहान रोबोसुद्धा पूर्ण वेगात थांबला की साधं टेबल उलथवू शकतो, म्हणून जाड पोलादी प्लेट आणि तिला पेलणारी जड चौकट हवी. अर्थिंग आणि स्वतंत्र एमसीबी परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून घालून घ्या. कंट्रोलर बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये बराच वेळ जीवघेणा दाब राहतो. दारावर लिहिलेली वेळ पाळल्याशिवाय आत हात घालायचा नाही. ब्रेक सोडण्याचं बटण असेल तर ते दाबताच हात स्वतःच्या वजनाने खाली येतो. आधी त्याला खालून आधार द्या, मगच बटणाला हात लावा.

लाइनवरून काढलेल्या रोबोचे सुरक्षेचे इनपुट उघडे पडलेले असतात, त्यामुळे तो चालू करताच अलार्म दाखवतो. सगळीकडे सल्ला मिळतो की जंपर टाका, म्हणजे तारेचा तुकडा जोडून ते इनपुट जोडलेले असल्याचं भासवा. माझं ऐका, जंपर टाकू नका. एक इमर्जन्सी बटण आणि एक दाराचा सेफ्टी स्विच घ्या, आणि दोन्हींचे दोन्ही चॅनल वायर करा. एकच चॅनल तुटला तर कंट्रोलर वेगळा अलार्म देतो आणि साध्या रीसेटने तो जात नाही. हे मुद्दाम करून बघा. सेफ्टी सर्किट दोन वाटांनी का जातं ते पुस्तकातून जेवढं कळत नाही तेवढं या एका प्रयोगातून कळतं, आणि नोकरीत पहिल्याच महिन्यात उपयोगी पडतं. रोबोभोवती जाळी हवीच, जागा कितीही लहान असली तरी.

१९७९ साली अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या फ्लॅट रॉक इथे फोर्डच्या कारखान्यात रोबोने माणसाचा जीव गेल्याची पहिली नोंदलेली घटना घडली. कामगार पार्ट काढायला रॅकमध्ये शिरला होता आणि यंत्र आपलं काम करतच होतं. स्थिर दिसणारा रोबो बंद असतो असं नाही. तो एखाद्या इनपुटची वाट बघत असू शकतो. म्हणून शिकण्याचा सगळा काळ टी१ मोडमध्येच राहा, जिथे टूलचा वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जात नाही. पेंडंटमागचा डेडमॅन स्विच तीन स्थितींचा असतो: सोडला तरी थांबतो आणि घाबरून जोरात आवळला तरी थांबतो. दोन्ही प्रकारे तो खरंच थांबतो का ते रोज काम सुरू करताना तपासा.

चालू झाला की पहिलं काम बॅकअप. फॅनकमध्ये दोन्ही प्रकारचा घ्या, फाइलींचा आणि पूर्ण इमेजचा, आणि दोन वेगळ्या जागी ठेवा. आधीच्या मालकाचे प्रोग्राम पुसू नका. दुसऱ्याने लिहिलेला, टिप्पण्या नसलेला, पंचवीस ठिकाणी दुरुस्त केलेला प्रोग्राम वाचून त्यामागचं यंत्र कसं असेल याचा अंदाज बांधणं, हा सराव कुठलाच कोर्स देत नाही, आणि तुम्हाला तो फुकट मिळालेला असतो.

दुसरं काम बॅटरी. हाताच्या आत असलेली बॅटरी एन्कोडरची मोजणी जपते. ती संपलेल्या अवस्थेत वीज गेली की रोबो आपले अक्ष कुठे आहेत हे विसरतो. फॅनकच्या अनेक हातांमध्ये बुडाशी साधे दीड व्होल्टचे चार सेल असतात. ते बदलताना कंट्रोलर चालूच ठेवायचा, फक्त इमर्जन्सी दाबलेली ठेवायची. कंट्रोलर बंद करून सेल काढले की मोजणी गेलीच. कंट्रोलरच्या मुख्य बोर्डावरची लिथियम बॅटरी वेगळी. ती प्रोग्राम आणि सेटिंग जपते. तीही बदला.

पुष्कळदा यंत्र घरी येईपर्यंत मोजणी गेलेलीच असते, आणि लोक हताश होतात. ही तर चालून आलेली शिकवणी आहे. फॅनकमध्ये आधी पल्सकोडरचा (फॅनकच्या एन्कोडरचा) अलार्म रीसेट करायचा, कंट्रोलर बंद करून चालू करायचा, मग प्रत्येक अक्ष थोडा जॉग करायचा (पेंडंटच्या बटणांनी हलवायचा) म्हणजे मोटर किमान एक फेरा घेते आणि पल्सकोडरला आपली खूण सापडते. त्यानंतर प्रत्येक सांध्यावरच्या रेघा जुळवायच्या. आधीचा संदर्भ साठवलेला असेल तर क्विक मास्टरिंगने मूळची अचूकता परत मिळते. तो नसेल तर रेघांवरून शून्य मास्टरिंग करावं लागतं, आणि ते डोळ्याने जुळवल्याइतकंच अचूक असतं. एबीबीत हेच काम रिव्होल्यूशन काउंटर अपडेट करून होतं. तिथे मोटरमधल्या रिझॉल्व्हरमुळे (कोन मोजणाऱ्या भागामुळे) फेऱ्याच्या आतली जागा ठाऊक असते, हरवते फक्त फेऱ्यांची संख्या. मास्टरिंगचे सहा आकडे कागदावर लिहून कंट्रोलरच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा.

आता सराव. ग्रिपरच्या जागी एक टोकदार सळई बसवा, तशीच दुसरी टेबलावर उभी करा. टीसीपी (टूलच्या टोकाचा बिंदू) शिकवून झाला की दोन्ही टोकं कागद जाईल एवढ्या फटीने समोरासमोर आणा आणि टूल त्या टोकाभोवती फिरवा, आधी एक्सभोवती, मग वाय, मग झेड. टोक जागचं हललं नाही तर टीसीपी बरोबर. दोन-तीन मिलिमीटर भटकलं तर शिकवताना घेतलेल्या दिशा एकमेकींच्या फार जवळच्या होत्या. हात चांगला वेडावाकडा वळवून पुन्हा घ्या. ही परीक्षा पास होईपर्यंत पुढे सरकू नका, कारण टीसीपी चुकला की पुढची प्रत्येक गोष्ट थोडी थोडी चुकते आणि दोष नेमका कुठे आहे ते सापडत नाही.

मग सळईच्या जागी स्प्रिंग लावलेलं पेन लावा आणि चौकोन काढा. फॅनकमध्ये कोपऱ्याला सीएनटी१०० (न थांबता कोपरा कापायची मुभा) देऊन एकदा कमी वेगाने आणि एकदा जास्त वेगाने काढा. कोपऱ्याची गोलाई बदललेली दिसेल, कारण सीएनटीची गोलाई वेगावर अवलंबून असते. एबीबीच्या झेड१० मध्ये ते अंतर मिलिमीटरमध्ये ठरलेलं असतं. टी१ मध्ये सुरळीत चाललेला प्रोग्राम ऑटोमध्ये पूर्ण वेगात गेल्यावर क्लॅम्पला का घासतो, याचं एक नेहमीचं कारण त्या कागदावर स्वच्छ दिसतं. त्यानंतर टेबल थोडं तिरकं करा, यूजर फ्रेम तीन बिंदूंनी पुन्हा शिकवा आणि एकही बिंदू न बदलता तोच चौकोन काढून दाखवा.

इनपुट-आउटपुटसाठी २४ व्होल्टचा पॉवर सप्लाय, दोन-चार बटणं, दिवे, एक प्रॉक्झिमिटी सेन्सर (जवळ आलेली वस्तू ओळखणारा), एक सॉलेनॉइड व्हॉल्व्ह आणि छोटा ग्रिपर पुरे. सेन्सर घेताना पीएनपी की एनपीएन (आउटपुटच्या जोडणीचे दोन प्रकार) ते कंट्रोलरच्या पुस्तिकेत बघून घ्या. युरोपीय यंत्रांवर बहुधा पीएनपी, जुन्या जपानी यंत्रांवर पुष्कळदा एनपीएन. एखादा जुना पीएलसी जोडता आला तर फारच उत्तम. ‘पार्ट आला’ आणि ‘पार्ट उचलला’ एवढे दोन संदेश दोघांनी एकमेकांना द्यायचे आणि दोघांनीही उत्तराची वाट बघायची. उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं आणि मग ऑपरेटरला काय दाखवायचं, हेही लिहायचं. अनंतकाळ वाट बघत उभा राहणारा प्रोग्राम माझ्या लेखी अपुरा आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. एक फिक्श्चर करा, ज्याच्यात हात वरूनच आत जाऊ शकतो आणि बाजूंना भिंती आहेत. लाकडाच्या पट्ट्या चालतील. त्यात ठोकळा ठेवायचा, काढायचा, अशी सायकल लिहा. मग घरातल्या कुणाला तरी इमर्जन्सीचं बटण देऊन सांगा, मनाला येईल तेव्हा दाब. तुम्ही पाठ करून उभे राहा. दाबल्यावर वळायचं, हातांनी जॉग न करता फक्त ‘होम’ दाबायचं, आणि हात कशालाही न लागता होमला, म्हणजे त्याच्या ठरलेल्या सुरक्षित जागी, आला पाहिजे.

पहिल्या प्रयत्नात तो भिंतीला घासणारच, म्हणून वेग दहा टक्क्यांच्या वर नेऊ नका. कारण सरळ आहे: होमला जाणारी जॉइंट मूव्ह सगळे अक्ष एकदम हलवते आणि टूल वाटेल त्या वक्र वाटेने निघतं. उपाय असा की सायकलच्या प्रत्येक टप्प्याआधी एका रजिस्टरमध्ये आकडा ठेवायचा. १० म्हणजे मोकळ्या जागेत, २० म्हणजे फिक्श्चरच्या वर, ३० म्हणजे आत. होमचा प्रोग्राम आधी तो आकडा वाचतो. ३० असेल तर प्रथम आहे त्याच एक्स-वायवर, आहे त्याच दिशेने, सरळ वर, त्यानंतरच बाकीचं. पण तेवढंही पुरत नाही. आकडा म्हणतो ‘मोकळ्या जागेत’, आणि मधल्या वेळात कुणीतरी हात जॉग करून आत नेऊन ठेवलेला असतो. म्हणून प्रोग्रामने प्रत्यक्ष जागाही वाचायची. आकडा आणि जागा जुळत नसतील तर हलायचं नाही, ऑपरेटरला सांगायचं. ग्रिपरचा सेन्सर पार्ट आहे म्हणतोय की नाही, तेही बघायचं. नाहीतर नवा पार्ट उचलायला गेलेला भरलेला ग्रिपर जिगवर आदळतो. असं एकेक भोक बुजवत जा. बटण दाबणारा कंटाळेपर्यंत यंत्र चुकलं नाही, की मग वेग वाढवा.

नोकरीचं म्हणाल, तर उमेदवाराने किती भाषा लिहून आणल्यात यावर मी फार वेळ घालवत नाही. पेंडंट हातात देतो आणि टीसीपी शिकवायला सांगतो. डेडमॅन कसा धरलाय आणि उभा कुठे राहिलाय यावरून बरंच कळतं. मग विचारतो, सायकल इथे थांबली, हात आत आहे, आता काय कराल? घरी वरचा सराव केलेला माणूस उलट मलाच विचारतो, ग्रिपरमध्ये पार्ट आहे का? म्हणून मुलाखतीला जाताना तुमच्या प्रोग्रामचा छापील कागद, वायरिंगचा हाताने काढलेला का होईना पण नकाशा, बॅकअपची फाइल आणि सायकलचा एक सलग व्हिडिओ बरोबर न्या. त्या व्हिडिओत इमर्जन्सी दाबलेली दिसू द्या आणि त्यापुढचा भाग कापू नका.